लोखंडी कपाट क्रमांक दोन : प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

ठरलं एकदाचं. दहावीची आमची तुकडी शाळा सोडून जाताना शाळेला घड्याळ देणार नाही आणि पंखाही देणार नाही. मागच्या तुकड्यांनी दिलेली घड्याळं मुख्याध्यापक सरांच्या खोलीत ओळीने टांगली आहेत आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नाही. आम्ही कपाट क्रमांक दोन दुरुस्त करणार. कपाट धड आहे, बिघडलीत ती आतली पुस्तकं.

रात्रशाळा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आमच्या शाळेला स्वतःची इमारत नाही. परळच्या ज्या इमारतीत आम्ही शिकतो तिथे दिवसा दुसरी शाळा भरते. सहाच्या सुमाराला ती रिकामी होते आणि साडेसहा ते साडेनऊ आमचे तास होतात. फळा त्यांचा, बाकं त्यांची, नळही त्यांचाच. आमच्या मालकीची म्हणावीत अशी जिन्याखाली दोन लोखंडी कपाटं आहेत. एकात हजेरीपट आणि दाखले, दुसऱ्यात ग्रंथालय. चारशेच्या आसपास पुस्तकं असतील. त्यातली निम्मी उघडली की पानं हातात येतात, म्हणून कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून कपाट बंदच राहतं.

कल्पना माझी, कारण मला दुसरं काही येत नाही. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हापासून बाइंडिंगच्या कारखान्यात आहे. आधी फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायचे, मग जुळणी, आता शिलाईवर. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "प्रकल्प म्हणता ना, मग नोंदवही ठेवा. तारीख घाला, काय केलं ते लिहा. निबंध नको." तर ही ती वही.

७ डिसेंबर, शनिवार

काल महापरिनिर्वाण दिन, त्यामुळे हजेरी कमी होती. आमच्या वर्गातला कुरियरवाला आणि आणखी दोघं चैत्यभूमीला गेले होते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात तेवढे मुंबईत दुसऱ्या कुठल्या दिवशी एका जागी बघायला मिळत नाहीत. लोक रात्रभर रांगेत उभे राहून दर्शन घेतात आणि जाताना पिशवीभर पुस्तकं नेतात. तिघांनी वर्गणी काढून आणलेली पुस्तकं आज माझ्या बाकावर ठेवली. संविधानाची मराठी प्रत आणि काही छोट्या चरित्र-पुस्तिका.

"ताई, जुन्यात नवी चालतील का?"

चालतील. पण पुस्तिकांना तारेची शिलाई आहे, मुंबईच्या हवेत ती गंजणार. आत्ताच काढून दोऱ्याने शिवून घेऊ, असं सांगितलं. तो हिरमुसला. नवीन वस्तू घरात येताच कोणी उसवायला घेतली तर दुसरं काय होणार.

१४ डिसेंबर, शनिवार

कपाट रिकामं केलं. मामा (आमचे शिपाई) कुलूप उघडून देऊन जातील असं वाटलं होतं, ते बाही सरसावून खाली बसले. धूळ झटकायला मी कारखान्यातून मऊ ब्रश आणले होते. पुस्तक मिटलेलं धरून कडेवरची धूळ पाठीकडून पुढे झाडायची. आधी उघडलं तर सगळी धूळ पानांत जाते. हे सगळ्यांना दाखवावं लागलं.

वाळवी नाही, हे मोठं नशीब. चंदेरी कसर मात्र भरपूर. तिला खळ, म्हणजे मैद्याची चिकटवायची पेस्ट, आवडते, म्हणून ती पुठ्ठ्याच्या आणि पाठीच्या सांध्यात जाते आणि वरचा कापडी पापुद्रा खाते. डांबरगोळ्या टाकल्या होत्या कोणीतरी, त्यांचा फक्त वास उरलाय.

तीन ढीग केले. पहिला, फक्त कव्हर गेलेल्या पुस्तकांचा. दुसरा, पाठ सुटलेल्यांचा. तिसरा, ज्यांची पानंच सुट्टी झालीत त्यांचा. तिसरा ढीग सगळ्यात उंच झाला आणि त्याला कारण सेलोटेप. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्याला ज्याला पुस्तकाची दया आली त्याने त्याने त्याला सेलोटेप लावलाय. काही वर्षांत टेपचं प्लॅस्टिक सुटून येतं आणि गोंद कागदात उतरून पिवळा-तपकिरी पट्टा कायमचा राहतो. अक्षरं दिसतात, पण ती पट्टी तिथे कडक होते आणि पान बरोबर तिच्या कडेला तुटतं. दया करायची तर खळ आणि पातळ कागदाची पट्टी लावून करावी.

'किशोर' मासिकाचे बांधीव अंकही सापडले. बालभारतीने हे मासिक १९७१ मध्ये सुरू केलं, आमच्या कपाटातले अंक ऐंशीच्या दशकातले. काम करणाऱ्या बाप्यांच्या शाळेत मुलांचं मासिक कोणी मागवलं असेल? वर्गातले काका म्हणाले, "वहिनी, बाप्ये वाचायला तिथूनच शिकले असतील." पटलं. मीही घरी मुलीचीच पुस्तकं आधी वाचली होती.

काका छप्पन्न वर्षांचे आहेत. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये सुरक्षारक्षक आहेत. रात्रपाळी सोडून दिवसपाळी मागून घेतली, ती या वर्गासाठी.

२० डिसेंबर, शुक्रवार

सामान जमलं. आमच्या शेठना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं की सुट्टी किती पाहिजे. सुट्टी नको, कटिंगचा उरलेला माल पाहिजे, म्हटल्यावर चष्मा काढून बघत राहिले. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, रेक्झिनचे तुकडे, आर्ट पेपरची कात्रणं, दोन गोणी दिल्या. वर म्हणाले की पुस्तकांच्या कडा मशीनवर मारून देऊ. मी नको म्हटलं. जुन्या पुस्तकाची कड मारली की समास जातो, पुढच्या वेळी शिवायला जागाच उरत नाही.

बाकीचं बाजारातून आणलं. पुठ्ठा आणि अस्तराचा जाड कागद अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून, पाठीला लावायचा मांजरपाट मंगलदास मार्केटातून. काका सोबत होते. पुठ्ठ्याचं बिल हातात आल्यावर ते फुटपाथवरच उभे राहिले आणि केंद्राचा निम्मा, राज्याचा निम्मा असा जीएसटी बोटांवर करून पाहिला. बीजगणिताच्या पुस्तकातला 'अर्थनियोजन' धडा त्यांना फार आवडतो. दुकानदार म्हणाला, "काका, बिल बरोबर आहे." काका म्हणाले, "बरोबर आहे म्हणूनच बघतोय. आमच्या पुस्तकात उत्तर शेवटच्या पानावर असतं, इथे कुठे असतं?"

२८ डिसेंबर, शनिवार

खळ केली. मैदा कँटीनमध्ये काम करणाऱ्या पोराने आणला. शेगडी मामांच्या खोलीतली. कपभर मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग पाचपट पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. कँटीनवाला म्हणाला, "ताई, ही तर व्हाइट सॉसची सुरुवात." असेल. मी खाल्लेला नाही.

कसर लागू नये म्हणून आमच्याकडे खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालतात. चिमूटभरच, वेगळ्या पाण्यात विरघळवून, आणि खळ प्लॅस्टिकच्या डब्यात ओतल्यावर. पातेल्यात कधीच घालायचा नाही, हे मला कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिरांनी सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

विज्ञानाचे सर जिन्यावरून उतरत होते, त्यांनी निळं पाणी पाहिलं आणि तिथेच तास सुरू केला. एक लोखंडी खिळा मागवला, त्या पाण्यात सोडला, म्हणाले बघत राहा. थोड्या वेळाने खिळ्यावर लालसर थर चढला. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते मोरचुदातल्या तांब्याला बाहेर काढतं आणि त्याची जागा स्वतः घेतं. विस्थापन अभिक्रिया. पातेलं लोखंडाचं असो नाहीतर ॲल्युमिनियमचं, तेच होणार. पातेलंही जाणार आणि मोरचूदही. दहावीच्या पुस्तकातलं ते समीकरण मी पाठ केलं होतं, पण ते माझ्या खळीच्या डब्यात बसलंय हे आज कळलं.

मुंबईच्या बऱ्याच रात्रशाळांत प्रयोगशाळा म्हणून वेगळी खोली नसते. 'मासूम' संस्था २००८ पासून या शाळांसोबत काम करते, तिने तर प्रयोगाचं साहित्य शाळाशाळांतून फिरवायची सोय केली. आमच्या सरांची प्रयोगशाळा आज जिन्याखाली भरली होती.

डब्यावर लाल पेनाने 'विष' लिहून चिकटपट्टी लावली. मामांनी डबा वरच्या फळीवर ठेवला. दिवसा इथे लहान मुलं असतात.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. मॅडमनी तासाला सांगितलं की जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, आपल्या घरीच. दिवसभर राबून आलेली माणसं दोन तास बसायची. मी हिशेब केला, आमच्या शाळेचा कुळाचार १७० वर्षांचा निघतो.

कपाटाचं आज काही झालं नाही. पण एक लिहून ठेवते. दहावी मला सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसूनही करता आली असती. जाऊबाईंनी तसंच सुचवलं होतं, "रोज संध्याकाळची पायपीट कशाला?" पुस्तकं तीच, पेपर तोच, प्रमाणपत्रही तेच. मात्र भूमितीचं प्रमेय अडलं तेव्हा काकांनी बाकावर खडूने काढून दाखवलं ते मिळालं नसतं. मुलगी तापाने आजारी होती तेव्हा कुरियरवाल्याने तीन दिवसांच्या वह्या चाळीत आणून दिल्या, त्याही मिळाल्या नसत्या. अभ्यास एकटीने होतो. मन लागायला मात्र शेजारच्या बाकावर कोणीतरी जांभई देत बसलेलं लागतं.

११ जानेवारी, शनिवार

शिलाई शिकवली. शिकवणारी मी, विद्यार्थी आमचेच. मॅडमही सुई-दोरा घेऊन बसल्या.

पुस्तक उसवायचं म्हणजे आधी गंजलेली तार काढायची. मागून पट्टीच्या टोकाने सरळ करायची, पुढून चिमट्याने ओढायची. घाई केली तर गंजाबरोबर कागदाचा तुकडाही येतो. मग फर्मे सुटे करायचे. एक मोठा कागद छापून, घड्या घालून सोळा पानं होतात, तो फर्मा. घडीवर फाटलेला असेल तर पातळ कागदाची पट्टी खळीने आतून लावायची, दोन पुठ्ठ्यांत वाळवायची, आणि मग फर्म्याफर्म्यातून टोच्याने भोकं पाडून दोरा ओवायचा. असं शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं. हल्लीची बरीच पुस्तकं नुसत्या गरम गोंदाने चिकटवलेली असतात, ती उघडी राहत नाहीत आणि जोर लावला की कडकडतात.

सगळ्यात जास्त वेळ कागदाचा ग्रेन समजवण्यात गेला. कागदातले धागे एका दिशेला पडलेले असतात. ओला झाला की कागद धाग्यांच्या आडव्या दिशेला फुगतो, लांबीला फारसा नाही. म्हणून धागे पुस्तकाच्या पाठीला समांतर हवेत, पुठ्ठ्याचेही आणि अस्तराचेही. उलटे लावले तर पावसाळ्यात कव्हर वाकतं आणि पुस्तक कधी मिटतच नाही. ओळखायचं कसं? कागद दोन्ही बाजूंनी हलका दुमडून बघायचा, ज्या बाजूने मुकाट्याने वाकतो ती ग्रेनची दिशा. काकांना हे एका फटक्यात जमलं. कँटीनवाल्याने प्रत्येक कागद ओठाला लावून बघायला सुरुवात केली. त्याला विचारलं तर म्हणतो, कळतं तसंही. कारखान्यात येऊन बघितलं तर शेठ त्याला ठेवून घेतील.

दाब द्यायला यंत्र नाही. रद्दीत गुंडाळलेल्या विटा वापरतो. मामांनी गच्चीवरून आणून दिल्या, ब्रशने झाडून.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळच्या शाळेने फळ्यावर निरोप ठेवलाय : 'रात्रशाळा, बाक पुसून जाणे.' रास्त आहे. वाळलेली खळ गणवेशाला लागली असणार. आज सगळे बाक ओल्या फडक्याने पुसले आणि फळ्यावर खाली लिहिलं, 'पुसले. क्षमस्व. पुस्तके दुरुस्त करत आहोत.'

१७ जानेवारी, शुक्रवार

त्या निरोपाचा भलताच फायदा झाला. सकाळच्या शाळेच्या ग्रंथपाल बाई साडेसहापर्यंत थांबून राहिल्या होत्या. काय करताय ते बघायला आल्या आणि तासभर बसल्या. दशांश वर्गीकरण म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. जगातलं सगळं ज्ञान शून्यापासून नऊपर्यंतच्या खणांत, प्रत्येक खणात पुन्हा दहा. मराठी साहित्याला ८९१.४६, त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ कथा-कादंबरी. आमच्या पुस्तकांच्या पाठीवर फक्त दाखल क्रमांक होते, म्हणजे कपाटात आधी आलं ते आधी. काकांनी विचारलं, जीएसटीचं पुस्तक कुठे बसेल? ३३६, सार्वजनिक वित्त. काकांनी तो आकडा हजेरीच्या वहीत मागे लिहून ठेवला.

जाताना बाईंनी त्यांच्या ग्रंथालयातली फाटकी पाच पुस्तकं आमच्या ढिगावर ठेवली. मोबदला म्हणून लेबलांची पाकिटं देणार आहेत.

१८ जानेवारी, शनिवार

आजची नोंद लांब होईल.

जुन्या पुस्तकांत शेवटच्या पानावर तारखांची पट्टी असते. पुस्तक परत करायच्या तारखेचा शिक्का. या पट्ट्या फेकायच्या नाहीत असं आधीच ठरवलं होतं, त्या नव्या अस्तरावर पुन्हा चिकटवतोय. आज दुसऱ्या ढिगातली जुनी पुस्तकं घेतली होती आणि पट्ट्या सोडवून वाळत घालायचं काम काकांकडे होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सगळ्या पट्ट्या त्यांनी बाकावर शेजारी शेजारी मांडल्या आणि मला हाक मारली.

१९७८, ७९, ८०, ८१ चे शिक्के एकाखाली एक दाट. आठवड्याला एक, कधी दोन. जानेवारी ८२ पर्यंत. आणि त्यानंतर जवळजवळ सगळ्या पट्ट्यांवर कोरी जागा.

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आजचीच तारीख. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिली पाळी करून संध्याकाळी शाळेत येणारे गिरणीकामगार हे आमच्या शाळेचे तेव्हाचे विद्यार्थी. पगार थांबला तशी माणसं गावी गेली, कोकणात, घाटावर. पुस्तकं मागायला कोणी उरलं नाही.

काका तेव्हा आठवीत होते, सकाळच्या शाळेत. वडील गावी गेले, आई इथे खानावळ चालवत होती. पण जेवणारेच गावी गेल्यावर खानावळ कसली? काकांनी त्या वर्षी शाळा सोडली. हे त्यांनी सांगितलं ते पट्ट्या सरळ करता करता, कोणाकडे न बघता. मग म्हणाले, "वहिनी, ही पट्टी फाटलीय, हिला मागून कागद लावू ना?"

आणि एक. प्रवासवर्णनाच्या एका पुस्तकात तपकिरी वेष्टनाचा तुकडा निघाला, बुकपोस्टचा. शिक्का अस्पष्ट, त्यातलं 'रत्नागिरी' तेवढं वाचता येतं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय :

'संप मिटेपर्यंत गावी आहे. शाळेचे पुस्तक ठेवून घेणे बरे नाही म्हणून पाठवत आहे. दंड किती झाला ते कळवावे.'

मामा पहिल्या कपाटातून तेव्हाची देवघेव वही घेऊन आले. शोधायला वेळ लागला. पुस्तकाच्या दाखल क्रमांकापुढे लाल शाईने नोंद आहे : 'टपालाने परत. दंड माफ.' खाली तेव्हाच्या कोणा सरांची आद्याक्षरं.

मॅडमनी ती वही बराच वेळ हातात धरली होती. त्यांनी २०१७ साल पाहिलंय. तेव्हा दिवसाच्या शाळेत नोकरी करून रात्री शिकवणाऱ्या शिक्षकांची रात्रशाळेतली नेमणूक सरकारने बंद केली आणि एका रात्रीत कित्येक वर्गांना शिक्षक उरले नव्हते. त्या वर्षी आमच्या शाळेत एकच बाई तीन विषय शिकवत होत्या. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मामांनी सांगितलं.

वेष्टन त्याच पुस्तकात ठेवायचं ठरलं. अस्तराला कागदाचा छोटा खिसा करून दिला.

१ फेब्रुवारी, शनिवार

वाद. दुरुस्त पुस्तकावर काय लिहायचं?

पोरांचं म्हणणं, पहिल्या पानावर मोठा शिक्का : 'दहावी तुकडी २०२५ यांजकडून शाळेस सप्रेम भेट.' कुरियरवाला तर शिक्का बनवणाऱ्याचा दर काढून आला होता. मी विरोध केला. एक तर ही पुस्तकं आमची नाहीत, भेट कुठून देणार? त्यातल्या प्रत्येकावर आधीच कोणीतरी लिहिलंय, कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कोणत्या गणेशोत्सव मंडळातर्फे, एकावर तर 'वार्षिक बोनसमधून'. त्या नावांवर आपला शिक्का मारणं बरं दिसत नाही. दुसरं, आमच्या धंद्यात बाइंडरची चिठ्ठी असते ती मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी. ज्याला बघायचं त्याने शोधावी.

कँटीनवाला म्हणाला, "मग त्या चिठ्ठीवर खळ कोणी केली ते पण लिहायचं." सगळे हसले, पण मला ते बरोबर वाटलं. बराच वेळ घोळ घालून तीन ओळी ठरल्या. 'शिवण', 'खळ' आणि 'दार'. शिवण ज्याने शिवलं त्याचं नाव. खळ ज्याने केली त्याचं. तिसऱ्या ओळीत, त्या संध्याकाळी आम्हाला काम करता यावं म्हणून जो थांबला त्याचं. बहुतेक पुस्तकांवर तिथे मामांचं नाव येणार, कारण साडेनऊनंतर आम्ही आवरेपर्यंत कुलूप हातात घेऊन तेच बसलेले असतात. काहींवर मॅडमचं. त्या डोंबिवलीला राहतात, आमच्यामुळे त्यांची गाडी दोन-तीनदा तरी चुकलीय. एकावर माझ्या सासूबाईंचं आहे. त्या दिवशी मुलीला जेवायला वाढून त्यांनीच सांगून पाठवलं होतं, "उशीर झाला तर होऊ दे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

निरोप समारंभ. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा चालूच आहेत, त्यामुळे आटोपशीर झाला. वडापाव, पेढा, गुलाबाचं फूल. नववीने गाणी म्हटली.

मला बोलायला सांगितलं होतं. अशा भाषणांत 'ज्ञानमंदिर' आणि 'घडवलंत' हे शब्द येतात, ते माझ्या तोंडी बसत नाहीत. मी दुरुस्त पुस्तकांतली वीसेक घेऊन गेले आणि फक्त मागच्या चिठ्ठ्या वाचल्या. शिवण अमुक, खळ अमुक, दार अमुक. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीला मामा उठून बाहेर गेले, कोणीतरी नळ उघडा ठेवलाय म्हणत. नळ बंद होता. मुख्याध्यापक सरांनी पुढच्या चिठ्ठ्या स्वतः मागून घेऊन वाचल्या, आणि एकीवर त्यांचं नाव आलं तेव्हा थांबून आठवू लागले की आपण त्या दिवशी का थांबलो होतो. (जनरेटरची चावी हरवली होती, सर.)

सकाळच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी लेबलांची पाकिटं आणली होती. त्यांची पाच पुस्तकं शिवून परत दिली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर झाला. केंद्रावर माझ्या शेजारी माझ्या मुलीहून थोडी मोठी मुलगी होती. तिने मला आधी पर्यवेक्षक समजून उभं राहून नमस्कार केला. परीक्षा संपेपर्यंत नोंदी बंद.

१७ मार्च, सोमवार

आज शेवटचा पेपर. सुटल्यावर सगळे केंद्रावरून सरळ शाळेत आले. कोणी ठरवलं नव्हतं. मामांनी कपाट उघडून ठेवलेलं होतं.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. पहिला आणि दुसरा ढीग पूर्ण झाला. तिसऱ्यातली साठेक पुस्तकं राहिली. काहींचा कागद इतका ठिसूळ झालाय की घडीवर हात लावताच चुरा होतो. त्यांना सुई चालणार नाही, कागदी पाकिटं करून ठेवलीत. त्यातलं एखादं कोणाला वाचायचंच असेल तर नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बघावं, ती संस्था १८९८ पासूनची आहे, तिथे असण्याची शक्यता आहे. कपाटाच्या दाराला आतून हा पत्ता लावलाय.

नववीतल्या दोघींनी आज पुस्तकं नेली. देवघेव वहीत बऱ्याच काळाने नवीन पान सुरू झालं. काका लगेच म्हणाले, दंड ठेवायचा की नाही ते आत्ताच ठरवा. ठरलं : गावी गेलेल्याला माफ, बाकीच्यांना आठवड्याला एक रुपया.

१३ मे, मंगळवार

निकाल. दुपारी एक वाजता. मी मशीनवर होते. शेठच्या मुलाने फोनवर बघून दिला, अडुसष्ट टक्के. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागलाय. कारखान्यातल्या बायकांनी काम थांबवलं, शेठ काही बोलले नाहीत, उलट चहा मागवला.

काका एकसष्ट टक्के. बीजगणितात त्यांनी माझ्यापेक्षा चौदा गुण जास्त घेतलेत आणि हे आता आम्हाला जन्मभर ऐकावं लागणार. कुरियरवाला पास. कँटीनवाल्याचं इंग्रजी राहिलं. संध्याकाळी तो फोन उचलेना, मग काका त्याच्या कँटीनमध्ये जाऊन बसले. पुरवणी परीक्षा जून-जुलैत आहे. मॅडमनी सुट्टीतच त्याची शिकवणी लावून टाकली, शाळा बंद असल्यामुळे माझ्या घरी, चाळीच्या गॅलरीत. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्याने स्पेलिंग म्हटलं नाही तर त्या चहा देत नाहीत.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. गेल्या वर्षीची नववी आता दहावी झाली. त्यांच्यातल्या त्या दोघी आणि एक रंगकाम करणारा मुलगा कपाटाचं बघणार आहेत. किल्लीची एक प्रत त्यांच्याकडे दिली, एक मामांकडे. आमच्यातले आम्ही तिघं रात्रीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणार, तिथल्या तासांची वेळ जुळली तर शनिवारी येऊन जाईन.

त्यांच्यासाठी सूचना, इथेच लिहिते. पाकिटात ठेवलेली पुस्तकं सोडून तिसऱ्या ढिगातली उरलेली तुमची. पावसाळ्यात शिलाई चालेल, चिकटवण्याचं काम नको, खळ वाळत नाही आणि बुरशी धरते. ते गणपतीनंतर काढा. पुठ्ठ्याचा ग्रेन बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही. विटा गच्चीवर परत नेल्या आहेत, मामांना सांगितलं की मिळतील, पण स्वतः वर जाऊन आणा, मामांचा गुडघा दुखतोय. मोरचूद संपत आलाय. कोऱ्या चिठ्ठ्या खालच्या खणात डाव्या हाताला आहेत, पुरतील एवढ्या कापून ठेवल्यात. कँटीनवाल्याचा इंग्रजीचा पेपर होईपर्यंत त्याला खळीच्या कामाला बोलावू नका, तो लगेच येईल.